दर्याचा हिशेब आपल्याकडेही असावा

मागच्या हंगामात माझ्या मामूंना दंड भरावा लागला. त्यांची बोट किनाऱ्याजवळच्या मनाई पट्ट्यात जाळे ओढत होती, अशी तक्रार होती. मामूंचे म्हणणे असे की त्या रात्री बोट दहा सागरी मैल बाहेर होती. तांडेल तेच सांगत होता, खलाशीही तेच सांगत होते. अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘पुरावा काय?’’

बोटीवर जीपीएसचा प्लॉटर होता. बोट जिथून जाते तिथे त्याच्या पडद्यावर रेघ उमटते. पण त्याची मेमरी ठरावीक बिंदूंची असते. ती भरली की सगळ्यात जुने बिंदू पुसले जातात आणि त्यांच्या जागी नवे लिहिले जातात. तक्रारीचा कागद हाती पडेपर्यंत आणखी काही फेऱ्या झाल्या होत्या आणि त्या रात्रीची रेघ पुसली गेली होती. मामूंनी दंड भरला आणि विषय संपवला.

मी इथे मामूंना निर्दोष ठरवायला बसलेलो नाही. मी त्या बोटीवर नव्हतो. माझे म्हणणे वेगळे आहे. ज्या माणसाचे आयुष्य दर्यावर जाते, त्याच्या फिरण्याची नोंद त्याच्याच घरात नसावी, हे बरोबर नाही. आणि ही नोंद ठेवणे आता इतके स्वस्त आणि सोपे झाले आहे की ती नसण्याला सबब उरलेली नाही.

बोट कुठे होती, या प्रश्नावर काय काय अवलंबून असते हे पाहायचे तर केरळचे प्रकरण आठवावे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार ठार झाले. घटना किनाऱ्यापासून साधारण साडेवीस सागरी मैलांवर घडली होती. देशाची सागरी हद्द बारा मैलांची. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बारा मैलांपलीकडच्या या घटनेत केरळ राज्याला खटला चालवण्याचा अधिकार नाही, केंद्र सरकारने विशेष न्यायालय नेमावे. माणसे गेली ती गेलीच, पण त्यांचा न्याय कुठे व्हायचा हे मैलांच्या आकड्यावर ठरले. तो आकडा आपल्या हातात असणे म्हणजे काय, हे यातून कळावे.

मी संगणकावर पोट भरतो. पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्याला लागल्यावर मामूंच्या बोटीवर एक छोटी पेटी बसवली. आत तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक, बोटीच्या बॅटरीची वीज पाच व्होल्टवर आणणारे सर्किट आणि प्लॉटरमधून निघणाऱ्या तारांना जोडणारा एक कन्व्हर्टर. ही तार थेट संगणकाच्या पिनेला लावू नये, पिन जळते. प्लॉटर या तारेवर साधारण दर सेकंदाला एक ओळ पाठवत असतो. तिची भाषा एनएमईए ०१८३. अशी एक ओळ साधारण सत्तर अक्षरांची असते. दिवसाच्या ८६,४०० ओळी धरल्या तर सहा एमबी होतात. ऑगस्ट ते मे असा अख्खा हंगाम दोन जीबीच्या आत मावतो. आज बाजारात मिळणारे सगळ्यात लहान मेमरी कार्डही त्याला पुरून उरते.

पण या ओळी नकाशावर दिसत नाहीत. त्यासाठी त्यांचे जीपीएक्स फाइलमध्ये रूपांतर करावे लागते. जीपीएक्स हे मार्ग लिहून ठेवण्याचे खुले स्वरूप आहे. कोणत्याही एका कंपनीचे नाही, त्यामुळे प्लॉटर बदलला तरी जुनी नोंद वाचता येते. जीपीएसबेबल नावाचा मोफत प्रोग्राम हे रूपांतर करून देतो. मला मात्र ते स्वतः लिहायची हौस होती, आणि त्या हौसेने मला चांगलाच धडा दिला.

पहिली फेरी झाल्यावर मी मामूंना रेघ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘अरे, ही बोट विजयदुर्गासमोर काय करतेय? आणि इथून मिरकरवाड्याला एका सेकंदात कशी आली? मी काय उडून आलो?’’

चूक माझी होती. प्लॉटर अक्षांश १६५९.५ असा पाठवतो. त्याचा अर्थ १६ अंश आणि ५९.५ मिनिटे. मिनिटांना साठने भागायचे असते, म्हणजे १६.९९१७ अंश येतात. मी नुसता बिंदू सरकवून १६.५९५ लिहिले होते. त्या एका चुकीने बोट चव्वेचाळीस किलोमीटर दक्षिणेला गेली. रत्नागिरी जवळजवळ १७ अंशाच्या रेषेवर आहे. बोट ती रेषा ओलांडताना माझा आकडा १६.५९९९ वरून एकदम १७ वर उडी मारत होता, म्हणून चूक सापडली. बोट दुसऱ्या एखाद्या बंदरातली असती आणि ही रेषा तिच्या वाटेत आली नसती, तर रेघ सरळ, सुबक आणि साफ खोटी आली असती. खोटी माहिती देखणी असू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि ती पकडली कुणी? तर शाळा चौथीत सोडलेल्या माणसाने, कारण दर्या त्याच्या डोक्यात होता.

त्यानंतर मी काही नियम केले. ते इथे सांगतो, कारण माझ्या मते रूपांतर हा तांत्रिक मामला कमी आणि साक्षीचा मामला जास्त आहे.

समुद्रात असताना पेटीने फक्त कच्च्या ओळी लिहाव्यात, जीपीएक्स बंदरात आल्यावर बनवावे. जीपीएक्स फाइलच्या शेवटी ती बंद करणारी खूण असावी लागते. मध्येच वीज गेली तर ती खूण राहून जाते आणि अख्खी फाइल न उघडण्याची भीती असते. कच्च्या नोंदीत मात्र फार तर शेवटच्या काही ओळी तुटतात, बाकीच्या सुरक्षित राहतात. रूपांतरही एकेक ओळ वाचत, लगेच लिहीत करावे. हंगामाच्या अडीच कोटींवर ओळी या लहान संगणकाने एकदम मेमरीत घ्यायचे म्हटले तर तो तिथेच गुदमरतो.

वेळेच्या बाबतीत उपग्रहाचे ऐकावे. या स्वस्त संगणकांमध्ये बहुधा स्वतःचे घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की ते वेळ विसरतात. उपग्रहाची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे चांद्र तारीख मगरिबला बदलते, कॅलेंडरची मध्यरात्री आणि उपग्रहाची सकाळी साडेपाचला, म्हणजे फजरच्या सुमारास. पंधरा तारखेच्या रात्री तीनची मासेमारी फाइलमध्ये चौदा तारखेला दिसते. हे माहीत नसलेल्या माणसासमोर ती फाइल ठेवली तर आपलाच पुरावा आपल्याला खोटे पाडेल. शिवाय उपग्रहांचा आठवड्यांचा मोजणीअंक एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा शून्यावर आला. काही जुनी यंत्रे तेव्हापासून १०२४ आठवडे मागची तारीख दाखवतात. अशा यंत्रावर सप्टेंबर २०२४ ची फेरी २००५ च्या सुरुवातीची दिसते. तारीख दुरुस्त करावी, पण दुरुस्ती केली हे फाइलमध्ये लिहून ठेवावे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे खंड पडला तर खंडच दाखवावा. सिग्नल नसतो तेव्हा ओळीत ‘ए’ ऐवजी ‘व्ही’ हे अक्षर येते. अशा ओळीतून बिंदू बनवू नये. रेघ तिथे तोडावी आणि सिग्नल आल्यावर नवा तुकडा सुरू करावा. दोन टोके सरळ रेषेने जोडण्याचा मोह होतो, नकाशा छान दिसतो. पण ती रेषा म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष. आणि कच्ची नोंद कधीही पुसू नये. तिच्यातल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी तपासणीची दोन अक्षरे असतात, ओळ वाटेत बिघडली तर ती जुळत नाहीत. जीपीएक्स आपण बनवलेले असते, त्याचे मूळ मागितले तर ते दाखवता आले पाहिजे.

कुराणातली सगळ्यात लांब आयत सूरह बकरामधली २८२ वी. ती नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, असे ती सांगते. आपण ती बरकतीसाठी पढतो आणि हिशेब मात्र तोंडी ठेवतो. पंधराव्या शतकात अरबी समुद्र पालथा घालणारा अहमद इब्न माजिद केवळ तारे ओळखून थांबला नाही, त्याने आपले ज्ञान लिहून ठेवले. अरबी नावाड्यांकडे वाटा लिहिलेल्या पोथ्या असत, त्यांना रहमानी म्हणत. आमच्या किनाऱ्यावरच्या दालदी घरांत खडक कुठे, किती वाव पाणी, कोणत्या महिन्यात कोणता मासा, हे सगळे आजोबांच्या डोक्यात होते आणि त्यांच्याबरोबरच कबरीत गेले.

या पेटीवर दोन आक्षेप मी ऐकले. पहिला, माशांच्या जागा बाहेर फुटतील. ही भीती खरी आहे. म्हणून माझी पेटी इंटरनेटला जोडलेली नाही. कार्ड घरी येते, घरीच राहते. कुणाला दाखवायचेच असेल तर त्या दिवसाचा तेवढाच तुकडा काढून देता येतो.

दुसरा आक्षेप मामूंचाच. ‘‘उद्या खरंच हद्दीत गेलो असलो तर? हीच पेटी माझ्याविरुद्ध बोलेल.’’ हो, बोलेल. सूरह निसाची १३५ वी आयत न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध जात असली तरी द्यायला सांगते. जी नोंद फक्त आपल्या फायद्याचे बोलते तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि लहान मच्छीमार जेव्हा मोठ्या बोटींच्या घुसखोरीची तक्रार करतो, तेव्हा त्याचाही हिशेब चोख असावा लागतो. मामूंनी बराच वेळ उत्तर दिले नाही. पेटी मात्र काढायला सांगितली नाही.

सरकारही मागे नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून आले. तेव्हापासून बोटींवरची नजर वाढत गेली. किनाऱ्यावरच्या मुसलमान नाखव्याला तिचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी देशभरातल्या एक लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर देण्याची योजना सुरू केली. वादळाचा इशारा मिळेल, संकटात हाक देता येईल. याचे स्वागतच आहे. पण माझी मागणी साधी आहे. ज्या बोटीची नोंद, तिची एक प्रत त्या बोटीच्या मालकाला खुल्या स्वरूपात आणि विनासायास मिळावी. हिशेबाची वही एकाच पक्षाकडे असेल तर तो हिशेब राहत नाही. आणि हाच न्याय मालकांनीही पाळावा. तांडेल आणि खलाशी किती दिवस दर्यावर होते, हेही त्याच फाइलमध्ये असते. त्यांनी मागितली तर प्रत त्यांनाही द्यावी.

राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला, हर्णै इथल्या घराघरांत आज डिप्लोमा केलेली, मोबाइल उघडून दुरुस्त करणारी पोरे आहेत. त्यांना हे जमेल, माझ्यापेक्षा चांगले जमेल. मच्छीमार सोसायट्यांनी आणि जमातींनी पाच-दहा बोटींपासून सुरुवात करावी. एक जूनला बंदी लागते, एकतीस जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यावर असतात. रंग काढायला, जाळी शिवायला एकसष्ट दिवस मिळतात. त्यातली एक दुपार या पेटीला द्यावी. आणि पहिली रेघ उमटली की ती आधी घरातल्या म्हाताऱ्या तांडेलाला दाखवावी. ती बरोबर आहे की नाही, ते तोच सांगेल.