फॉरवर्ड करण्याआधी शास्त्र उघडा

२३ सप्टेंबर २०२५ आठवतोय का? २३-२४ तारखेला प्रभू आपल्या लोकांना न्यायला येणार, असं दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने सांगितलं आणि ते व्हिडिओ जगभर फिरले. २३ गेली, २४ गेली. २५ला आम्ही सगळे नेहमीसारखे अंबरनाथ स्टेशनकडे पळत होतो.

हसू नका. पालेगावातल्या माझ्या ओळखीच्या एक मावशी त्या आठवड्यात धड जेवल्या नव्हत्या. बायबल उशाशीच होतं. तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तयाच्या २४व्या अध्यायात येशूनेच सांगून ठेवलंय.

पंडिता रमाबाई केडगावात हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. १९२२ला गेल्या, तोवर हेच काम. कशासाठी? साध्या बाईलाही स्वतः वाचता यावं म्हणून. आणि आपण वाचायचं सोडून मोबाइलवरच्या अनोळखी माणसाचं ऐकतो!

बिरुयातले लोक तर पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून बघायचे. प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. पौलाला तपासलं, मग यूट्यूबवाल्याला का नको?

कुणी एकच वचन दाखवलं, तर अख्खा अध्याय वाचा. तारीख सांगतो, भीती घालतो, औषधं बंद करा म्हणतो आणि शेवटी क्यूआर कोड दाखवतो, तर तिथेच थांबा. पाळकांना विचारा.

आणि पाळकांनो, विचारायला आलेल्याला ‘विश्वास कमी आहे’ म्हणून गप्प करू नका. तो परत मोबाइलकडेच जाईल.