साबण, वाण आणि आपण

मंडळी, गोरेपणाच्या साबणाच्या वेष्टनावर मागे बारीक अक्षरांत काय छापलेले असते, ते चष्मा लावून एकदा वाचाच. कोजिक ॲसिड, पपईचा अर्क, ग्लुटाथिओन... यातले कोजिक ॲसिड म्हणजे जपानी लोक तांदूळ आंबवायला वापरतात त्या बुरशीची देणगी. त्वचेत मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, तयार होण्याची क्रिया ते मंदावते. पण साबण अंगावर टिकतो किती? जेमतेम मिनिटभर! मळ निघतो, चेहरा तजेलदार दिसतो, वाण मात्र जन्माचा तोच राहतो.

खरी भीती पाऱ्याची. तो मूत्रपिंडे बिघडवतो. आपल्याकडे २०२० च्या नियमांनी गोरेपणाच्या सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला बंदी आहे. तरी चोरून विकल्या जाणाऱ्या गोरेपणाच्या मालात तो सापडतो. म्हणून वेष्टनावर घटकांची यादी नसेल, तर ती वस्तू घरात आणूच नका.

२०२० सालीच ‘फेअर ॲण्ड लव्हली’चे ‘ग्लो ॲण्ड लव्हली’ झाले. पाटी बदलली, पण स्थळ सांगून आले की ‘मुलगी गोरी आहे ना?’ हे विचारणे काही सुटले नाही. सावळ्या विठ्ठलाला माउली म्हणणारे आपण, सावळ्या लेकीला मात्र साबण आणून देतो! आजी-आजोबांनो, नातीला साबण जरूर द्या, पण अंग धुवायला.