मैफलीचं पोस्टर विद्यार्थ्यांच्या हाती द्या

नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला ग्रोनिंगन हे विद्यापीठाचं शहर आहे. तिथल्या ऊस्टरस्ट्राट रस्त्यावरचा ‘व्हेरा’ हा संगीत क्लब मूळचा विद्यार्थ्यांच्या संघटनेचा. आजही तो मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. इथे बँड वाजवायला येणार म्हटलं की बरेचदा त्याचं पोस्टर क्लबमधलीच तरुण मंडळी आखतात आणि स्वतःच्या कार्यशाळेत स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात.

या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. ताणलेल्या जाळीवर रबरी पट्टीनं शाई ओढायची, कागद वाळू द्यायचा, मग दुसरा रंग. म्हणून शिकाऊ डिझायनर आधी रंग मोजतो. दोनच परवडणार असतील, तर पिवळ्यावर निळा चढवून तिसरा, हिरवा, फुकट मिळवतो. चौकट केसभर सरकली तर कडेला उमटणारी दुहेरी रेघ बिघाड मानायची की गिटारच्या कर्कश आवाजाचं चित्र, हेही त्यालाच ठरवावं लागतं. असा निर्णय वर्गातल्या गुणांसाठी घेणं आणि ठरलेल्या तारखेच्या, खऱ्या तिकिटांच्या कार्यक्रमासाठी घेणं, यांत फार अंतर आहे. पोस्टरचं खरं शिक्षण त्या अंतरातच होतं.

या शहराला छपाईतल्या प्रयोगांची जुनी सवय आहे. इथल्या हेंड्रिक वेर्कमन या मुद्रकानं १९२३ ते १९२६ या काळात ‘द नेक्स्ट कॉल’ हे छोटं नियतकालिक काढलं. धंदा बसला होता, जागा लहान झाली होती, पण हातछपाईचं यंत्र आणि लाकडी टाइप शिल्लक होते. त्याने अक्षरं वाचण्यासाठी कमी आणि आकार म्हणून अधिक वापरली. आडवी, उलटी, एकावर एक छापली. एप्रिल १९४५ मध्ये, शहर मुक्त व्हायला काही दिवस उरले असताना, नाझींनी त्याला गोळ्या घातल्या.

त्याच १९२३ सालच्या जानेवारीत हेगमध्ये थिओ फान दुसबुर्ग आणि कुर्ट श्विटर्स या कलाकारांनी ‘दादा’ या बंडखोर कलाचळवळीच्या संध्याकाळींचा दौरा सुरू केला. नेली फान दुसबुर्ग पियानोवर एरिक सातीचं संगीत वाजवत असे. दौऱ्याच्या पोस्टरवर ‘दादा’ हा शब्द मोठ्या लाल अक्षरांत पुन्हा पुन्हा येतो आणि काळा मजकूर त्याच्या अंगावरून सगळ्या दिशांना धावतो. सभागृहात जो गोंधळ होणार, तो कागदावर आधीच सुरू झालेला होता.

‘वाचता आलं नाही तर पोस्टर काय कामाचं?’ आयोजकाचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर याच शहरातल्या एका डिझायनरकडे आहे. विम क्रौवेल ग्रोनिंगनमध्येच जन्मला, तिथल्याच मिनर्व्हा अकादमीत शिकला. १९६७ मध्ये त्याने ‘न्यू अल्फाबेट’ ही अक्षरमाला आखली. त्या काळच्या संगणकी पडद्यांना वळणं नीट उमटवता येत नव्हती, म्हणून तिच्यात फक्त उभ्या-आडव्या रेघा होत्या. अनेकांना ती वाचता येईना. पण १९८८ मध्ये ‘जॉय डिव्हिजन’ या ब्रिटिश बँडच्या ‘सबस्टन्स’ अल्बमच्या मुखपृष्ठासाठी तिचाच आधार घेतला गेला. कागदावरच्या प्रयोगाला एकवीस वर्षांनी त्याचं संगीत सापडलं. तारीख, वेळ आणि ठिकाण स्पष्ट असावं, एवढी अट पुरे. बाकीचा कागद मोकळा सोडायला हरकत नसावी.

महाराष्ट्रात यातलं काय कमी आहे? मुंबईत सर जे. जे. उपयोजित कला संस्था आहे, पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवापासून गावोगावच्या संगीत मंडळांपर्यंत मैफलींची परंपरा आहे. अक्षरांची तर श्रीमंती आहे. कमल शेडगे यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’सारख्या नाटकांची शीर्षकं अशी घडवली की वर्तमानपत्रातल्या लहानशा जाहिरातीतही नाटकाचा स्वभाव कळे. तरीही मैफलींचे बहुतेक फलक ओळीनं लावलेले कलाकारांचे चेहरे आणि खाली प्रायोजकांची चिन्हं, इथेच थांबतात. त्यांवरून गायक ओळखू येतो, गाण्याचा अंदाज येत नाही.

देवनागरीत करून बघण्यासारखं किती आहे! शिरोरेषा तानपुऱ्याच्या षड्जासारखी अखंड ठेवता येईल, द्रुत लयीत ती तुटू देता येईल, वेलांटीला मींडेची ओढ देता येईल. हे वर्गात सुचतंही. पण ते लागायला भिंत मिळत नाही.

म्हणून संगीत मंडळांनी वर्षातली एक मैफल कला महाविद्यालयाकडे सोपवावी. विद्यार्थ्यांना तालमीला बसू द्यावं. कलाकाराच्या छायाचित्राची सक्ती नको, प्रायोजकांची चिन्हं तळाच्या एका पट्टीत असावीत. फ्लेक्सऐवजी शंभर कागदी प्रती स्क्रीननं छापाव्यात. लग्नपत्रिका अशा छापणारे कारागीर आजही अनेक पेठांत आहेत. विद्यार्थ्याला मानधन द्यावं, पोस्टरवर त्याचं नाव छापावं आणि मैफलीच्या दिवशी त्याच्यासाठी पुढच्या रांगेत एक खुर्ची राखून ठेवावी.