शिखरावरचा क्रूस आणि गाविलगडाचा माथा

डोंगरमाथ्यावर क्रूस दिसला की दोन उत्तरे तयारच असतात. श्रद्धाळू सांगतात, शिखर देवाच्या जवळ, म्हणून तेथे क्रूस. संशयी सांगतात, तो आक्रमणाचा झेंडा. आधी टेकडी घ्यायची, मग गाव. दोन्ही उत्तरांना खोड एकच. क्रूस कोणी, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या डोळ्यांसमोर उभारला, हे विचारावेसे कोणालाच वाटत नाही.

देवाची जवळीक हेच कारण असते, तर आल्प्सच्या शिखरांवर हजार वर्षांपासून क्रूस असायला हवे होते. त्या दऱ्या तेव्हापासून ख्रिस्ती आहेत. प्रत्यक्षात क्रूस असत ते खिंडीत, शिवेवर, कुरणाच्या कडेला. उंच माथे रिकामे होते, कारण तेथे जाण्याचे कोणाला प्रयोजनच नव्हते. १४९२ मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सच्या हुकमाने आंत्वान द व्हिल माँ एगुईचा सुळका चढला आणि त्याने वर तीन क्रूस उभारले. पण तो अपवाद. ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनरवर १८०० मध्ये क्रूस पोचला तो बिशप साल्म यांनी काढलेल्या मोहिमेतून, जिच्यात वनस्पतींचे अभ्यासकही होते. १८८० मध्ये तेथेच नवा क्रूस लागला, सम्राट फ्रान्झ योझेफच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून! पोलिश लोकांनी गिएवोंतवर १५ मीटरचा लोखंडी क्रूस १९०१ मध्ये उभारला, तेव्हा पोलंड हे राज्य नकाशावर नव्हते. म्हणजे ही प्रथा मुख्यतः गिर्यारोहण, राजनिष्ठा आणि राष्ट्रभावना यांच्या काळातली आहे. बायबलात तिचे मूळ शोधणे व्यर्थ.

आक्रमणाच्या सिद्धान्तात तथ्य नाही असे नाही. पोर्तुगीज दर्यावर्दी नव्या किनाऱ्यावर क्रूस असलेला दगडी स्तंभ रोवत, आणि गोव्यात तिसवाडी व साष्टीतील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. तेथे क्रूस आणि सत्ता वेगळी काढता येत नाहीत. परंतु गोव्याचा पुरावा उचलून मेळघाटाला चिकटवणे हा इतिहास नव्हे, आळस आहे.

वऱ्हाडात काय घडले? २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावला वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. आक्रमणाच्या सिद्धान्ताप्रमाणे माथ्यावर क्रूस उभा राहायला हवा होता. तसे झाले नाही. देवगावच्या तहात गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले. शिवाय कंपनीने १८१३ पर्यंत आपल्या मुलखात मिशनऱ्यांनाही मोकळीक दिली नव्हती. व्यापारात अडथळा नको, एवढाच तिचा धर्म.

या मुलखातल्या उंचवट्यांवर कंपनीची खरी खूण आली ती दुर्बिणीबरोबर. लॅम्बटनचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण दक्षिणेकडून वऱ्हाडच्या खोऱ्यापर्यंत पोचले होते. टाकळखेडा हे त्याचे एक प्रमुख ठाणे. १८२३ मध्ये लॅम्बटन वारला तोही शेजारच्या हिंगणघाटला. पुढे एव्हरेस्टने ती रेषा उत्तरेला नेली. टेकडीवर निशाणाची काठी, खाली खुणेचा दगड, मग नकाशा. नकाशामागोमाग महसुलाची मोजणी आणि राखीव जंगलाची हद्द.

मेळघाटातील कोरकूंच्या लेखी डोंगरदेव जवळच्या टेकडीवर राहतो, मुठवादेव गावातल्या दगडांच्या राशीत. त्या टेकड्यांचा वापर कोणी करावा, हे ठरवले जंगलखात्याच्या हद्दीच्या खुणांनी. लाकूड, चराई, फिरती शेती, सारे परवानगीच्या कक्षेत गेले. समाजमाध्यमांवर क्रूसावरून तलवारी उपसणाऱ्यांनी त्या खुणांबद्दल कधी चकार शब्द काढलेला नाही. ज्यांना खरोखर शोधायचे आहे, त्यांनी अकोला आणि अमरावतीचे जुने जिल्हा गॅझेटियर उघडावे आणि आरंभ जंगलाच्या प्रकरणापासून करावा.