शहीद हा शब्द कोणाचा?

१८ सप्टेंबर २०१६ च्या पहाटे उरीच्या लष्करी तळावर चार बंदूकधारी घुसले. तंबू पेटले, १९ जवान गेले. त्यांत आमच्या सिन्नर तालुक्यातल्या खडांगळीचा एक होता. आधी जैश-ए-मोहम्मदचे नाव आले, पुढे तपासात लष्कर-ए-तैयबाचे. आम्हांला दोन्ही सारखेच. पैगंबरांच्या नावाने फौज काढताना, विड्या वळून आणि एमआयडीसीत पाळ्या करून जगणाऱ्या आम्हांला यांनी विचारले होते काय?

शहीद हा शब्द आम्ही करबल्याच्या कथेतून शिकलो. ज्यांचे पाणी तोडले गेले, त्यांची ती कथा. झोपलेल्या शिपायांवर गोळ्या झाडणाऱ्यांनी तो शब्द पळवला आहे.

सीमेपलीकडे तरी काय चालले आहे? पाकिस्तानी तालिबानने १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या शाळेत शंभरावर मुले मारली. त्याच संघटनेला आश्रय दिल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तानी सैन्य आणि काबूलचे तालिबान एकमेकांवर तुटून पडले. दोहात युद्धबंदी झाली ती तिऱ्हाइतांनी मध्ये पडून. ज्या तालिबानला पाकिस्तानने वर्षानुवर्षे पोसले, तेच हे! अजान दोन्हीकडे एकच आणि मेलेलाही दोन्हीकडे शहीदच. मग उम्मत कुठे गेली? आमच्यातले काही शहाणे यावर ‘सारा अमेरिकेचा डाव’ म्हणतात आणि चहा संपवतात.

दुसरीकडचे शहाणे प्रत्येक हल्ल्यानंतर आमच्याकडे निषेधाचे पत्रक मागतात. आम्हीही रेशनकार्ड काढावे तसे १९६५ च्या अब्दुल हमीदांचे नाव काढतो. हे आता पुरे. २००८ साली मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी ९ हल्लेखोरांना माती नाकारली. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. मे २०२५ मध्ये पूँछला पाकिस्तानी तोफगोळ्याने मदरशातले एक शिक्षक गेले, तर आपल्याच काही वाहिन्यांनी त्यांना अतिरेकी ठरवले. पोलिसांना खुलासा करावा लागला. पत्रके मागणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वाहिन्यांना जाब विचारला?

खडांगळीचे दुःख आमच्या तालुक्याचे आहे. त्यासाठी आम्हांला कोणाचा परवाना नको. मात्र मौलवीसाहेबांना एक विनंती आहे. जुम्म्याच्या बयानात ‘दहशतवाद वाईट’ असे मोघम सांगू नये. जैश म्हणावे, लष्कर म्हणावे, नाव घेऊन म्हणावे, आणि लाउडस्पीकर चालू असताना म्हणावे.