तुकडा नियमित झाला, रस्त्याचे काय?

तुकडेबंदी कायद्यात राज्य सरकारने २०२५ मध्ये केलेल्या बदलामुळे लाखो कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर होणार आहे, आणि ते योग्यच आहे. नोव्हेंबर १९६५ ते ऑक्टोबर २०२४ या काळात शहरांच्या किंवा विकास प्राधिकरणांच्या हद्दीत, गावठाणालगत झालेले गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार आता शुल्क न भरता नियमित होतील. मात्र ही सवलत सातबाऱ्यावरच्या नोंदीपुरती आहे. अशा तुकड्यांची मिळून जी वस्ती उभी राहिली आहे, तिचा प्रश्न त्याने सुटत नाही.

१९४७ चा मूळ कायदा शेतीसाठी होता. वाटण्या होता होता शेत परवडेनासे होऊ नये, म्हणून प्रमाणभूत क्षेत्र ठरवले गेले. आज बहुतेक जिल्ह्यांत ते बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. तो हेतू किती साधला हे कृषी गणनाच सांगते. राज्यातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ वर आले. घरातल्या वाटण्या कायद्याला रोखता आल्या नाहीत. शहराच्या कडेला ज्याला गुंठाभर, म्हणजे १०८९ चौरस फुटांत, घर बांधायचे होते त्याची वाट मात्र अडली. मग कुणी नोटरीपुढच्या साठेखतावर भागवले, तर कुणी दहा-अकरा अनोळखी लोकांबरोबर सामाईक खरेदीखत केले. त्यात नाव लागते, पण पुढे कर्ज काढायचे किंवा जागा विकायची म्हटली की बाकीच्यांच्या सह्यांसाठी उंबरे झिजवावे लागतात. घराची गरज खरी होती, तिला कायदेशीर मार्ग नव्हता. म्हणून घेणाऱ्याला माफी द्यायलाच हवी.

पण माफीची चढती भाजणी पाहा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा तुकड्यांवरची १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे नियमित करण्यासाठी धरली होती. २०२१ मध्ये ती मुदत डिसेंबर २०२० पर्यंत ओढली गेली. तुकडेबंदीत २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून व्यवहार नियमित करण्याची सोय झाली, २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली आणि २०२५ मध्ये शून्यावर. यातून बाजार एकच धडा घेतो: आज विका, सरकार उद्या सांभाळून घेईल. मूळ कायद्यात जमीनमालकाच्या दंडाची कमाल मर्यादा होती २५० रुपये. एवढ्या दंडाला कोण भीक घालणार?

या सगळ्यात प्लॉट पाडणारा नामानिराळा राहतो. त्याच्या कागदी लेआउटवर वीस फुटी रस्ता असतो, कोपऱ्यात बागही असते, आणि गुंठ्याचा दर त्याच हिशेबाने लावलेला असतो. मंजुरी नसलेल्या अशा लेआउटमध्ये रस्त्याची जमीन सातबाऱ्यावर बहुधा मूळ मालकाच्याच नावे राहते. उद्या त्याच्या वारसांनी तिथे तारेचे कुंपण घातले, तर प्लॉट नियमित झालेल्या माणसाच्या हाती पक्की नोंद असेल. दारापर्यंत अग्निशमनाचा बंब येईलच असे नाही.

म्हणून तुकड्याबरोबर रस्ताही सार्वजनिक व्हायला हवा, सोयींचा खर्च प्लॉट पाडणाऱ्याने द्यायला हवा आणि बेकायदा विक्रीला कडक दंड हवा. यावर पहिला आक्षेप असा की प्रत्येक गटाची मोजणी आणि आराखडा करत बसले तर लोक आणखी वीस वर्षे लटकतील. म्हणून नोंदी अडवू नयेत. खरेदीदाराचे नाव आधी लावावे. त्यानंतर गटाची मोजणी करून वापरातला रस्ता जसा आहे तसा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या नावे चढवावा. त्यासाठी कुणाचे घर पाडावे लागत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा: गटार, पाणी, दिवे यांचा खर्च गरिबाने का भरावा? त्याने भरूच नये. रस्त्याची किंमत त्याने गुंठ्याच्या दरातच मोजली आहे. जुने विक्रेते आता सापडणार नाहीत, तिथे सरकारने झळ सोसावी. पण अलीकडच्या नोंदणीकृत व्यवहारांत विकणाऱ्याचे नाव दस्तातच असते. विकास शुल्क त्याच्याकडून वसूल करावे आणि ते त्याच वस्तीत खर्च व्हावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कायदा कितीही कडक केला तरी गुंठे विकले जाणारच, मग कशाला अडवायचे? खरे आहे, नुसत्या बंदीने ते थांबत नाहीत. म्हणूनच गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट असलेला, रस्ते आधीच सार्वजनिक केलेला स्वस्त लेआउट थोड्या खर्चात आणि ठरलेल्या मुदतीत मंजूर होईल, अशी सोय कायद्यात हवी. ती झाली की बेकायदा प्लॉटिंग करणाऱ्यासाठी गरजेची सबब उरणार नाही आणि २५० रुपयांच्या जागी विक्रीच्या किमतीशी बांधलेला दंड लावताना सरकारला संकोच वाटण्याचे कारणही राहणार नाही. हे केले नाही, तर ऑक्टोबर २०२४ ची मुदतही आधीच्या मुदतींसारखीच पुढे सरकेल आणि तिच्यानंतर गुंठा घेणारे पुढच्या माफीची वाट पाहत बसतील.