देव ठरलेली शिक्षिका आणि देव ठरवलेला साहेब

'डॉक्टर हू' म्हटले की निळा पोलीस-डबा आणि डॅलेक नावाचे यांत्रिक शत्रू आठवतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या ब्रिटिश मालिकेच्या पहिल्या वर्षाकडे वेगळ्या कारणासाठी परतावे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती बीबीसीवर सुरू झाली, तेव्हा घरबसल्या मुलांच्या कानांवर थोडे विज्ञान आणि थोडा इतिहास पडावा हाही तिचा हेतू होता. म्हणून कालयानातील चार प्रवाशांपैकी दोघे चक्क शाळेतले शिक्षक आहेत: इयान चेस्टरटन विज्ञानाचा, बार्बरा राइट इतिहासाची. (पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला, अवघ्या चोवीस वर्षांचा तरुण होता, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या गावी नसते.)

त्याच हुसेनने बहुतांशी दिग्दर्शित केलेली 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा आज पाहता येत नाही. बीबीसीने जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. उरली ती छायाचित्रे आणि प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेला आवाज. सुदैवाने त्याच लेखकाची, जॉन लुकारोटीची, मे-जून १९६४ मध्ये दाखवली गेलेली 'द ॲझ्टेक्स' ही चार भागांची कथा मात्र पूर्ण शिल्लक आहे. पुन्हा पाहावी अशी खरी तीच.

कथा अशी. कालयान मेक्सिकोतील एका थडग्यात उतरते. बार्बरा तिथले एक कंकण हातात घालते, बाहेर येते आणि मृत पुरोहित येटाक्साचा पुनर्जन्म म्हणून पुजली जाते. ती इतिहासाची शिक्षिका आहे. पुढे कोर्तेस येणार आणि ही संस्कृती धुळीला मिळणार, हे तिला ठाऊक आहे. नरबळीची प्रथा थांबवली तर कदाचित हे लोक वाचतील, असे तिला वाटते. डॉक्टर तिला परोपरीने बजावतो की इतिहास बदलता येत नाही. ती ऐकत नाही.

पावसासाठी द्यायचा बळी ती देवीच्या अधिकाराने थांबवते. ज्याला वाचवले तो माणूस आनंदित होत नाही. आपला सन्मान हिरावला गेला असे वाटून तो स्वतःच खाली उडी घेतो. त्याच क्षणी पाऊस येतो. बार्बराची आज्ञा वाया जाते आणि तिला खोटे ठरवू पाहणाऱ्या पुरोहिताची सरशी होते.

हा पुरोहित, त्लोतोक्सल, कथेचा खलनायक आहे. पण त्याचा मुख्य दावा शब्दशः खरा आहे. ही बाई देवी नाहीच! उलट तिच्यावर मनापासून श्रद्धा ठेवणारा ज्ञानी पुरोहित ऑटलॉक सारे काही गमावून रानात निघून जातो. जो विश्वास ठेवतो तोच उद्ध्वस्त होतो, ही गोष्ट मुलांच्या मालिकेने इतक्या स्पष्टपणे सांगावी याचे आश्चर्य वाटते. कथेत उणिवा आहेत. ॲझ्टेकांच्या भूमिका गोऱ्या नटांनीच केल्या आहेत आणि समाजाची 'चांगला पुरोहित, वाईट पुरोहित' अशी वाटणी फारच सोयीची आहे. तरीही एक गोष्ट ती प्रामाणिकपणे दाखवते: परक्याला देव मानले जाते, तेव्हा त्या परक्याला आतून सत्य माहीत असते.

खानदेशच्या वाचकाला इथे एक साहेब आठवायला हवा. चोपड्याहून तापी ओलांडून दक्षिणेला गेले की धरणगाव लागते. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतल्यावर सातपुड्यातील आणि सातमाळ्यातील भिल्लांचा प्रतिकार काही केल्या मोडेना. तेव्हा १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम जेम्स आउट्रॅम या तरुण अधिकाऱ्याकडे आले. पलटणीचे ठाणे धरणगावी पडले. आउट्रॅम भिल्लांबरोबर राहिला, वाघांच्या शिकारी केल्या, विश्वास मिळवला. इंग्रजी लेखनात पुढे एक गोष्ट येते: त्याच्या काही जुन्या शिपायांना एक ओबडधोबड मूर्ती सापडली, तिच्यात त्यांना साहेबाचा चेहरा दिसला आणि ते तिला 'आउट्रॅम साहेब' म्हणून पुजू लागले.

ही गोष्ट गोड आहे, आणि नेमके म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहिले पाहिजे. कोर्तेसला मेक्सिकोच्या लोकांनी क्वेत्झलकोआत्ल हा देव मानले, ही कथाही विजयानंतरच्या दशकांत लिहिलेल्या ग्रंथांतून घट्ट झाली. आज अनेक इतिहासकार ती नाकारतात. जिंकणाऱ्याला आपण देव वाटलो असे मानणे सोयीचे असते. मग जमीन, जंगल आणि शस्त्र यांचे प्रश्न भक्तीत विरघळून जातात. शिपायांनी मूर्ती पुजली नसेलच असे नाही. पण पुजली असेल, तर ती भीती होती, कृतज्ञता होती की पेन्शनवाल्यांची थट्टा, हे सांगणारा आवाज त्या गोष्टीत नाही. त्या शिपायांची नावेसुद्धा नाहीत.

ज्या राजवटीने भिल्लांना 'माणसाळवल्याचा' अभिमान मिरवला, तिच्याच १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरचे त्यांचे हक्क आवळले. त्याआधी, कधीकाळी इंग्रजांच्याच पगारावर सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये बंड करून उठला आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला त्याच्या लोकांनी कंपनी सरकारच्या फौजेशी लढत दिली. मूर्तीच्या गोष्टीशेजारी ही लढाई ठेवली की मग तो भक्तिभाव तितकासा निरागस दिसत नाही.

अडचण अशी की, चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या भिल्ल, पावरा, तडवी वस्त्यांचा भूतकाळ शोधायचा तर अभ्यासक आजही आधी १८८० चे खानदेश गॅझेटियर उघडतो. त्यावाचून गत्यंतरही नाही. ते ग्रंथ टाकून देणे हा वेडेपणा ठरेल. पण ते वाचताना 'द ॲझ्टेक्स'मधला तो उडी घेणारा माणूस समोर असू द्यावा. बार्बराच्या हिशेबात तो वाचवलेला जीव होता. त्याचा स्वतःचा हिशेब वेगळा होता, आणि त्याने तो सांगितलाही होता. फक्त तो समजून घेण्याइतकी उसंत देवीला नव्हती.